घराण्यात उतरणारा आतड्याचा कर्करोग : कुटुंबांना काय सांगावे, कसे सांगावे?

एखाद्या घरातील कर्ता पुरुष ऐन चाळिशीत आतड्याच्या कर्करोगाने दगावतो. दुसऱ्या तालुक्यात सासरी नांदणाऱ्या त्याच्या बहिणीला दोन-तीन वर्षांनी गर्भाशयाचा कर्करोग होतो. त्यांच्या वडिलांविषयी चौकशी केली, तर ‘ते पोटाच्या दुखण्याने गेले’ एवढेच उत्तर मिळते. अशा वेळी गावात निरनिराळी बोलणी सुरू होतात. कोणी करणी म्हणतो, कोणी पितृदोष काढतो, तर कोणी हा रोग लागट असावा अशा समजुतीने त्या घरचे पाणी घेण्याचेही टाळतो. जन्मतः लाभलेल्या एखाद्या जनुकातील दोषामुळे काही कुटुंबांत पचनसंस्थेचे कर्करोग पिढ्यान् पिढ्या उतरत जातात, ही गोष्ट मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानात येते. हा दोष वेळीच ओळखला गेला, तर त्या कुटुंबातील पुढचे मृत्यू बऱ्याच अंशी टाळता येतात. म्हणूनच या विषयाची माहिती शिक्षक, पंचायत सदस्य व ग्रामपातळीवरील अधिकारी यांना असणे अगत्याचे आहे.

येथे एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. कर्करोगाचे बहुसंख्य रुग्ण आनुवंशिक स्वरूपाचे नसतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे पाच ते दहा रुग्णांतच जन्मजात जनुकीय दोष हे प्रमुख कारण असते. तेव्हा घरात एखाद्या वृद्ध व्यक्तीला कर्करोग झाला म्हणून साऱ्या कुटुंबाने धास्ती घेण्याचे कारण नाही. तथापि ज्या थोड्या घरांत हा दोष असतो, तेथे धोका फार मोठा असतो आणि तो तरुण वयात उद्‌भवतो.

एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीचे भाकीत

या विषयाचा इतिहास बोधप्रद आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात विकृतिशास्त्राचे अध्यापन करणारे डॉ. अल्ड्रेड वॉर्थिन यांना १८९५ मध्ये शिवणकाम करणाऱ्या एका स्त्रीने सांगितले की, आपल्या घरातील पुष्कळ माणसे आतड्याच्या अथवा गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली असून आपणही त्याच मार्गाने जाणार. तिचे बोलणे खरे ठरले. ती तरुण वयातच गर्भाशयाच्या कर्करोगाने मरण पावली. डॉ. वॉर्थिन यांनी तिचे म्हणणे हसण्यावारी नेले नाही. त्यांनी तिच्या कुटुंबाची माहिती गोळा केली आणि १९१३ मध्ये ती प्रसिद्ध केली. वैद्यकाच्या इतिहासात हे कुटुंब ‘जी कुटुंब’ या नावाने ओळखले जाते.

त्यानंतर जवळजवळ अर्धशतक या निरीक्षणाकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९६२ मध्ये नेब्रास्का राज्यातील ओमाहा येथे डॉ. हेन्री लिंच यांच्याकडे दारूच्या आहारी गेलेला एक रुग्ण आला. दारूचे कारण विचारता तो म्हणाला की, आपल्या घरातील प्रत्येक जण कर्करोगाने मरतो, तसेच आपणही मरणार आहोत. डॉ. लिंच यांनी त्याच्या नातेवाइकांचा शोध घेतला, वंशवृक्ष तयार केला व १९६६ मध्ये अशा दोन मोठ्या कुटुंबांची माहिती प्रसिद्ध केली. कर्करोग हा परिस्थितीजन्य रोग आहे, असे त्या काळातील बहुतेक शास्त्रज्ञांचे मत असल्याने डॉ. लिंच यांना संशोधनासाठी अनुदान मिळणेही कठीण झाले होते. अखेर १९९३ व १९९४ मध्ये या रोगामागील पहिली दोन जनुके हाती लागली आणि त्यांचे म्हणणे निर्विवाद सिद्ध झाले. आज हा विकार ‘लिंच सिंड्रोम’ या नावाने ओळखला जातो. डॉ. वॉर्थिन यांच्या ‘जी कुटुंबा’तही त्याच जनुकांपैकी एकात दोष असल्याचे पुढे निष्पन्न झाले. एका सामान्य स्त्रीने स्वतःच्या घराण्याविषयी केलेले निरीक्षण प्रयोगशाळेत सिद्ध व्हायला सुमारे शंभर वर्षे लागली. रुग्ण आपल्या घराविषयी काय सांगतो, ते लक्षपूर्वक ऐकले पाहिजे, असे डॉक्टर मंडळी आजही विद्यार्थ्यांना बजावतात, त्यामागे असे अनुभव आहेत.

दोष उतरतो कसा?

शरीरातील प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली व दुसरी वडिलांकडून. पेशीचे विभाजन होताना तिच्यातील सर्व आनुवंशिक मजकुराची नक्कल करावी लागते आणि एवढ्या मोठ्या मजकुरात काही चुका होणे अपरिहार्य असते. छापखान्यात मुद्रितशोधक जसे खिळ्यांच्या चुका दुरुस्त करतो, तसे काम पेशीत काही ठरावीक जनुके करतात. लिंच सिंड्रोममध्ये या ‘मुद्रितशोधक’ जनुकांपैकी एकाची एक प्रत जन्मतःच सदोष असते. पुढे आयुष्यात केव्हातरी एखाद्या पेशीतील दुसरी प्रतही निकामी झाली की, त्या पेशीत चुका साचत जातात आणि तिचे कर्कपेशीत रूपांतर होते. आतडे व गर्भाशयाचे अस्तर यांना याचा उपद्रव सर्वाधिक होतो. जठर, लहान आतडे, अंडाशय, मूत्रवाहिनी हे अवयवही त्यातून सुटत नाहीत. दोष कोणत्या जनुकात आहे यावर धोक्याचे प्रमाण अवलंबून असते. अधिक धोक्याच्या प्रकारांत, तपासणी न केल्यास, निम्म्याच्या आसपास व्यक्तींना आयुष्यात आतड्याचा कर्करोग होऊ शकतो.

आई किंवा वडील यांपैकी एकात दोष असल्यास प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. याचा अर्थ चार अपत्यांपैकी नेमक्या दोघांना तो येईल, असा नाही. प्रत्येक जन्म ही स्वतंत्र नाणेफेक असते. चौघांनाही दोष येऊ शकतो आणि चौघेही सुटू शकतात. मुलगा व मुलगी असा भेद येथे नाही. ‘हा रोग एक पिढी सोडून येतो’ असेही सांगितले जाते. वस्तुतः दोष असलेली एखादी व्यक्ती रोग न होता दीर्घायुषी ठरते व तिच्या मुलाला रोग होतो, तेव्हा पिढी गाळली गेल्याचा भास होतो. ज्याच्यात दोष उतरलेलाच नाही, तो मात्र पुढच्या पिढीला तो देऊ शकत नाही.

लिंच सिंड्रोमखेरीज आणखी काही विकार या वर्गात मोडतात. त्यांपैकी ‘कौटुंबिक पॉलिपॉसिस’ हा सर्वांत ठळक होय. सुमारे दहा हजार व्यक्तींमागे एकाला होणाऱ्या या विकारात पौगंडावस्थेपासूनच मोठ्या आतड्यात शेकडो, कित्येकदा हजारो मांसल अंकुर उगवतात. उपचार न केल्यास चाळिशीच्या आसपास त्यांपैकी एखाद्याचे कर्करोगात रूपांतर होणे जवळजवळ अटळ असते. म्हणून अशा घरातील मुलांची तपासणी दहा-बारा वर्षांच्या वयापासून करतात आणि योग्य वेळी, बहुधा विशीच्या आगेमागे, मोठे आतडे शस्त्रक्रियेने काढून टाकतात. हा उपाय ऐकणाऱ्याला क्रूर वाटतो. परंतु मोठ्या आतड्यावाचून माणूस शिक्षण, शेती, संसार सारे काही करू शकतो. यातील सुमारे चौथा हिस्सा रुग्णांच्या आईवडिलांत हा दोष मुळीच नसतो. तो त्यांच्यातच नव्याने उद्‌भवलेला असतो, म्हणून ‘आमच्या घराण्यात असे कोणाला नाही’ या शब्दावर पूर्ण विसंबता येत नाही.

‘प्यूट्झ-जेगर्स’ या विकारात लहान मुलांच्या ओठांवर व तोंडाच्या आतील बाजूस काळपट निळसर ठिपके दिसतात. अशा मुलाचे पोट वरचेवर दुखत असेल, तर आतड्यात आतडे अडकण्याचा संभव असतो. वर्गात रोज मुलांचे चेहरे पाहणाऱ्या शिक्षकाच्या नजरेला हे ठिपके डॉक्टरांच्या आधी पडू शकतात. मोठेपणी ते पुसट होतात.

वंशावळीत लेकी नसतात

अशी कुटुंबे ओळखण्याचे पहिले साधन म्हणजे वंशावळ. महाराष्ट्रात वंशावळी जपण्याची परंपरा जुनी आहे. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर येथील क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत अनेक पिढ्यांची नावे सापडतात. शेतजमिनीच्या वारसनोंदींमुळेही पूर्वजांची नावे माहीत असतात. पण वह्यांतील वंशावळी बहुतांशी पुरुषांच्या असतात. लेकी सासरी गेल्या, आडनाव बदलले, की त्या मूळ वृक्षावरून नाहीशा होतात. आनुवंशिक कर्करोगाच्या दृष्टीने ही मोठीच उणीव ठरते. मावशीचा गर्भाशयाचा कर्करोग, मामाचा आतड्याचा कर्करोग व आईच्या आत्याचे ‘पोटाचे दुखणे’ ही एकाच दोषाची तीन रूपे असू शकतात. परंतु तीन आडनावांच्या तीन घरांत विखुरल्यामुळे ती कोणी एकत्र मांडत नाही. शिवाय स्त्रियांच्या अशा आजारांविषयी उघड बोलण्याचा संकोच असतो. आजीला नेमके काय झाले होते, हे नातवाला ठाऊक नसते आणि सुनांना ठाऊक असले तरी त्यांना कोणी विचारत नाही. या कामी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांची स्मरणशक्ती कागदपत्रांपेक्षा अधिक उपयोगी पडते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

वंशवृक्ष काढताना रोगाचे नाव, तो झाला तेव्हाचे वय व मृत्यूचे वय या तीन गोष्टी प्रत्येकासमोर लिहाव्यात. त्यावरून संशय केव्हा घ्यावा, यासाठी तज्ज्ञांनी १९९० मध्ये ॲम्स्टरडॅम येथे एक सुटसुटीत कसोटी ठरवली. ती ‘तीन-दोन-एक’ म्हणून लक्षात ठेवता येते. आतड्याचा कर्करोग झालेले किमान तीन रक्ताचे नातेवाईक असावेत व त्यांपैकी एक इतर दोघांचा पालक, भावंड अथवा अपत्य असावा. ते किमान दोन पिढ्यांतील असावेत. आणि त्यांपैकी किमान एकाला पन्नाशीपूर्वी रोग झालेला असावा. १९९९ मध्ये या कसोटीत गर्भाशयाचे अस्तर, लहान आतडे व मूत्रमार्गाचा वरचा भाग यांच्या कर्करोगांचाही समावेश करण्यात आला. कसोटीत न बसणारी दोषयुक्त कुटुंबेही असतात, विशेषतः जेथे कुटुंब लहान आहे. पन्नाशीच्या आत आतड्याचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग झालेली एक व्यक्तीही चौकशीस पुरेशी मानावी.

कागदपत्रांविषयी येथे थोडे सांगणे अवश्य आहे. माणूस गेल्यावर त्याची रुग्णालयाची कागदे घरात ठेवू नयेत, अशी अनेक ठिकाणी भावना असते. ती जाळली जातात किंवा पाण्यात सोडली जातात. वास्तविक तुकडा तपासणीचा एक कागद त्याच्या मुलाबाळांच्या दृष्टीने मोलाचा दस्तऐवज असतो. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा भाग मेणाच्या ठोकळ्यात बसवून प्रयोगशाळेत जतन केलेला असतो आणि त्यावरून रुग्णाच्या पश्चातही काही तपासण्या होऊ शकतात. ग्रामपंचायतीच्या मृत्युनोंदीतही कारणाच्या रकान्यात ‘पोटाचे दुखणे’ असे मोघम न लिहिता डॉक्टरांच्या दाखल्यानुसार रोगाचे नाव आले, तर पुढे त्याचा उपयोग होतो. बार्शी येथे १९८७ पासून भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू झाली. तेथील कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन, लोकांत बसून रुग्णांची माहिती मिळवली. खेड्यात अशी माहिती मिळतच नाही, हा समज त्यामुळे खोटा ठरला.

तपासणी आणि तिचे फळ

जनुकीय तपासणी रक्ताच्या लहानशा नमुन्यावर होते. शक्य तोवर तिचा आरंभ कर्करोग झालेल्या व्यक्तीपासून करावा लागतो. कारण दोष नेमका कोणत्या जनुकात व कोठे आहे हे एकदा कळले की, इतर नातेवाइकांत तेवढीच जागा तपासणे पुरते. निष्कर्ष तीन प्रकारचे येऊ शकतात. दोष आढळतो, आढळत नाही, किंवा असा काही बदल दिसतो की ज्याचा अर्थ अद्याप निश्चित नाही. तिसऱ्या प्रकारात घाईने कोणताही निर्णय घेऊ नये. आधी समुपदेशन, नंतर तपासणी आणि निष्कर्षासह पुन्हा समुपदेशन हा क्रम त्यामुळेच पाळला जातो. महाराष्ट्रात मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय व त्याचेच नवी मुंबईत खारघर येथील संशोधन केंद्र येथे आनुवंशिक कर्करोगाविषयी सल्ला उपलब्ध आहे.

दोष आढळलेल्या व्यक्तीसाठी मुख्य उपाय म्हणजे कोलोनोस्कोपी, अर्थात लवचिक दुर्बिणीने मोठ्या आतड्याची आतून तपासणी. आदल्या दिवशी हलका पातळ आहार व पोट साफ करणारे औषध घ्यावे लागते. तपासणीत लहान मांसांकुर दिसल्यास तारेच्या फासाने तेथल्या तेथे काढता येतो. अंकुर निघाला की, त्याचा पुढे होणारा कर्करोगही टळतो. लिंच सिंड्रोममध्ये ही तपासणी साधारणतः विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी करण्याचा सल्ला दिला जातो. फिनलंडमध्ये अशा २२ कुटुंबांतील २५२ व्यक्तींवर पंधरा वर्षे लक्ष ठेवण्यात आले. त्यांपैकी १३३ जणांनी दर तीन वर्षांनी तपासणी करून घेतली, ११९ जणांनी ती नाकारली. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासणी करणाऱ्यांत आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी राहिले. तपासणी न करणाऱ्यांपैकी नऊ जण या रोगाने दगावले, तर करणाऱ्यांपैकी एकही नाही. याहून बोलका पुरावा मिळणे कठीण आहे.

स्त्रियांनी मासिक पाळी थांबल्यानंतरचा रक्तस्राव किंवा अनियमित, अतिरिक्त स्राव अंगावर काढू नये. पुरुष असो वा स्त्री, शौचावाटे रक्त जाणे म्हणजे मूळव्याधच, असे गृहीत धरून वर्षानुवर्षे गावठी औषधे घेणे ही आपल्याकडील फार मोठी चूक आहे, आणि अशा कुटुंबांत ती प्राणघातक ठरते. ॲस्पिरिनच्या दीर्घकालीन सेवनाने लिंच सिंड्रोममधील आतड्याचा कर्करोग कमी होतो, असे ८६१ व्यक्तींवरील आंतरराष्ट्रीय प्रयोगाने दाखवले आहे. मात्र या औषधाने जठरात रक्तस्राव होऊ शकत असल्याने ते डॉक्टरांच्या सल्ल्याविना कोणीही सुरू करू नये.

सांगण्याची रीत

कुटुंबांना ही माहिती देण्याचे काम नाजूक आहे. डॉ. लिंच यांनी त्यासाठी एक पद्धत रूढ केली. ते विस्तारित कुटुंबातील सर्व नातेवाइकांना त्यांच्या गावाजवळ एकत्र बोलावीत, सर्वांना मिळून रोगाची माहिती देत आणि त्यानंतर प्रत्येकाशी स्वतंत्रपणे, एकांतात बोलत. सामान्य माहिती सर्वांसमोर आणि व्यक्तीचा निष्कर्ष केवळ त्या व्यक्तीजवळ, हा भेद त्यांनी कटाक्षाने सांभाळला. आपल्याकडील एकत्र कुटुंबांना ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही.

न्यूझीलंडमधील टौरंगा येथील एका माओरी कुटुंबाचे उदाहरण याहूनही लक्षणीय आहे. त्या घराण्यात तीसएक वर्षांत पंचविसाच्या आसपास माणसे जठराच्या कर्करोगाने गेली. त्यांत पंधरा वर्षांहून लहान मूलही होते. हा शाप असावा, असेही बोलले जाई. अखेर कुटुंबानेच पुढाकार घेतला, स्वतःचा वंशवृक्ष काढला आणि ओटॅगो विद्यापीठातील शास्त्रज्ञांना पाचारण केले. १९९८ मध्ये या दोषाचे जनुक सापडले व त्या शोधनिबंधाच्या लेखकांत कुटुंबातील व्यक्तींचीही नावे आली. त्यानंतर घरोघर जाऊन नातेवाइकांना तपासणीस प्रवृत्त करण्याचे कामही त्यांच्यातीलच कार्यकर्त्यांनी केले. बाहेरच्या डॉक्टरने सांगितले असते, तर कदाचित दारे मिटली असती.

आपल्याकडे सर्वांत मोठी अडचण विवाहाची आहे. मुलीच्या लग्नात अडथळा येईल या भीतीने घराण्यातील रोग लपवला जातो आणि ही भीती निराधार आहे, असे म्हणता येणार नाही. म्हणून पंचायत सदस्याने किंवा शिक्षकाने एखाद्या घराचे नाव ग्रामसभेत, शाळेत वा चावडीवर कदापि घेऊ नये. रुग्णाच्या नातेवाइकांना आरोग्य केंद्राची वाट दाखवावी आणि तेथे थांबावे. तपासणी करावी की न करावी, हा निर्णय त्या सज्ञान व्यक्तीचाच असतो. जे विकार प्रौढपणीच उद्‌भवतात, त्यांसाठी अठरा वर्षांखालील मुलांची जनुकीय तपासणी सामान्यतः करत नाहीत. पॉलिपॉसिससारख्या विकाराचा अपवाद वर आलाच आहे.

मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल महाराष्ट्रातील अनेक समाजांत आहे. लिंच सिंड्रोम व कौटुंबिक पॉलिपॉसिस हे एकाच पालकाकडून येणारे दोष असल्याने ते अशा विवाहामुळे उत्पन्न होत नाहीत. परंतु ज्या घराण्यात लिंचचा दोष आधीच आहे, तेथे नात्यातील दोघेही दोषयुक्त असतील, तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला दोन्ही सदोष प्रती मिळण्याची शक्यता एक-चतुर्थांश असते. अशा मुलांना बालवयातच मेंदूचा, रक्ताचा किंवा आतड्याचा कर्करोग होऊ शकतो. अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे चट्टे हे त्यांचे एक लक्षण असते. म्हणून दोषयुक्त घराण्यात नात्यातला विवाह ठरत असेल, तर त्यापूर्वी सल्ला घेणे हितावह होय.

तपासणीचे नाव काढताच लोकांच्या मनात केवळ वाईट निष्कर्षच येतो. घराण्यातील दोष निश्चित झालेला असताना ज्या भावाच्या किंवा बहिणीच्या रक्तात तो आढळत नाही, त्यांचा धोका इतर सामान्य लोकांइतकाच राहतो. त्यांना दरवर्षी दुर्बिणीची तपासणी करावी लागत नाही आणि त्यांच्या मुलांनाही या दोषासाठी तपासण्याची गरज उरत नाही.